शेवंडीच्या पोटाखाली काय लिहिलेले असते?

सौंसर-पांढुर्णा भागातील आपल्या वाचकांपैकी ज्यांनी शेवंड प्रत्यक्ष पाहिली आहे असे फार थोडे निघतील. बोरगावहून नागपूर हाकेच्या अंतरावर, पण समुद्र मात्र शेकडो मैल दूर. त्यामुळे शेवंड हा शब्दही आपल्याकडे रुळलेला नाही. आपल्या आजूबाजूच्या हिंदीत कोळंबीलाही झींगा म्हणतात आणि शेवंडीलाही झींगा म्हणूनच वेळ मारून नेतात. कोकणकिनाऱ्यावरच्या मराठीने मात्र जवळा, करंदी, कोळंबी, शेवंड, चिंबोरी असे प्रत्येक जिवाला निराळे नाव देऊन ठेवले आहे. भाषेचा शिक्षक या नात्याने मला या श्रीमंतीचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. ज्याच्यावर पोट अवलंबून असते, त्याला माणूस ढोबळ नावाने हाक मारीत नाही.

शेवंड ओळखीची नसली तरी खेकडा आपल्या ओळखीचा आहे. कन्हान किंवा जाम नदीच्या काठी पावसाळ्यात ज्यांनी खेकडे धरले असतील, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. खेकडा उलटा केला म्हणजे त्याच्या पोटाशी दुमडलेली एक झापड दिसते. नराची झापड अरुंद, त्रिकोणी. मादीची रुंद, गोलसर. एखाद्या मादीची झापड अलगद उचलावी तर आत अंडी असतात, आणि कधी कधी तर अगदी बारीक, हलणारे खेकडेच असतात; कारण गोड्या पाण्यातील आपल्या खेकड्यांची पिले अंड्यातून बाहेर येतात ती खेकड्याचेच रूप घेऊन. अशी लेकुरवाळी हाती लागली तर तिला परत पाण्यात सोडावे, असे आमची आजी सांगत असे. त्यामागे तिचा काही शास्त्राभ्यास नव्हता. पण झापड उचलून आत पाहायचे आणि मग ठरवायचे, एवढी रीत तिने घालून दिली होती.

समुद्रातील शेवंडीच्या बाबतीत संशोधक जे करतात ते मुळात हेच आहे. शेवंडीला उलटी करायची, पोटाखाली पाहायचे, आणि ही मादी अद्याप अल्पवयीन आहे, वयात आलेली आहे, नराशी संयोग होऊन बसली आहे, अंडी वागवीत आहे, की पिले सोडून मोकळी झाली आहे, हे ठरवायचे. फरक इतकाच की आजीला एका खेकडीचा निर्णय करायचा असे आणि संशोधकाला हजारो शेवंडींवरून संपूर्ण समुद्राचा अंदाज बांधायचा असतो. हे काम किती नाजूक आहे, आणि ते होऊनही मुंबईच्या समुद्रातून शेवंडीची एक जात कशी हातची गेली, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम शेवंड म्हणजे काय ते पाहू. विलायती हॉटेलांच्या चित्रांत लालबुंद, दोन मोठ्या नांग्यांची जी शेवंड दिसते ती उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली. आपल्या उथळ किनारी समुद्रात मिळणाऱ्या शेवंडींना तसल्या नांग्या नसतात. आपल्याकडील काटेरी शेवंडीला संरक्षणासाठी अंगभर काटे आणि शरीराहूनही लांब, जाड, चाबकासारख्या दोन मिशा दिलेल्या असतात. महाराष्ट्र व गुजरातच्या गढूळ, चिखलाच्या तळावर राहणारी जी मुख्य काटेरी शेवंड आहे, तिचा रंग हिरवट-करडा असून शेपटीच्या प्रत्येक खंडावर एकेक फिकट आडवा पट्टा असतो. एकदा पाहिल्यावर ती विसरत नाही. दुसरी एक जात मिशा नसलेली, डोके फावड्यासारखे पसरट असलेली, वाळूत अंग पुरून बसणारी. तिला आपण सोयीसाठी चपटी शेवंड म्हणू. या लेखातील खरी शोकांतिका या दुसरीची आहे.

कधी काळी मुंबईस मेहुण्यांकडे उतरलो असता पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाण्याचा योग आला होता. ट्रॉलर लागले होते, लिलावाचा एकच गलका चालला होता, आणि पायांखाली बर्फाचे पाणी. एका कोळीण मावशीच्या टोपलीत चार शेवंडी होत्या. त्यांपैकी एकीच्या शेपटीखाली डाळिंबाच्या दाण्यांहून कितीतरी बारीक अशा केशरी मण्यांचा घोस लगडलेला होता. मी विचारले, "मावशी, हे काय?" ती म्हणाली, "गाभोळी हाय भाऊ. आता टाकंल पोरं." आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. माशांच्या पोटातील अंड्यांना किनाऱ्यावर गाभोळी म्हणतात, तोच शब्द तिने इथे वापरला. "आता टाकंल" हे तिने रंगावरून ओळखले असेल की सवयीने म्हटले असेल, कोण जाणे. रंगावरून ते थोडेफार सांगता येते, हे मला पुढे वाचनातून कळले; आणि तिच्या टोपलीतला तो उजळ केशरी घोस तसा ताजाच होता.

संशोधक धक्क्यावर उभा राहतो तो याच गर्दीत. त्याच्याजवळ वेळ थोडा असतो, कारण लिलाव थांबत नाही. शेवंड कापून अंडाशय पाहण्याची मुभाही क्वचितच मिळते. जिवंत आणि अखंड शेवंडीला सर्वांत अधिक भाव येतो, मग कापलेली कोण घेणार? कोळंबीचे कवच पातळ असल्याने तिच्या पाठीतून हिरवट अंडाशय बाहेरूनच दिसतो. शेवंडीचे चिलखत तसे पारदर्शक नाही. तेव्हा बाहेरच्या खुणांवर भिस्त ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. सुदैवाने निसर्गाने त्या पुष्कळ ठेवलेल्या आहेत.

नर-मादी ओळखणे सर्वांत सोपे. शेवंडीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. मादीची जननरंध्रे तिसऱ्या जोडीच्या मुळाशी असतात, नराची पाचव्या. शिवाय काटेरी शेवंडीच्या मादीच्या पाचव्या पायाच्या टोकाला एक इवलासा चिमटा असतो. नराला तो नसतो. या चिमट्याचे काम काय ते पुढे येईलच, कारण मादीच्या संसारातील ते फार महत्त्वाचे हत्यार आहे.

त्यानंतर पाहायचे ते शेपटीखालचे पर. शेपटीच्या खंडांखाली पानांच्या आकाराच्या उपांगांच्या जोड्या असतात. नराच्या परांना एकच पाकळी, मादीच्या परांना दोन. मादी वयात आली की आतल्या पाकळीवर लांब, रेशमासारखे रोम उगवतात. अंडी बाहेर पडली की याच रोमांना ती चिकटून राहतात. म्हणजे हे रोम हाच मादीचा पाळणा. आखूड रोम किंवा रोमच नाहीत, तर ती अजून लहान. रोम दाट व लांब, तर ती अंडी वागवण्यास सिद्ध. पृष्ठवर्माची लांबी मापाच्या चिमट्याने मोजून तिच्यासमोर रोमांची ही नोंद लिहीत गेले, म्हणजे अमुक लांबीच्या शंभर माद्यांपैकी किती वयात आल्या आहेत, हे हळूहळू स्पष्ट होते. ज्या लांबीला निम्म्या माद्या वयात आलेल्या आढळतात, ती लांबी त्या जातीचे प्रौढत्वाचे माप म्हणून धरतात. पकडण्याची किमान मर्यादा कोठे ठेवावी, याचा सगळा वाद शेवटी या आकड्याभोवती फिरतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रोम आले म्हणजे आत अंडाशय पिकला, असे होतेच असे नाही. आणि अंडाशय पिकला तरी त्या मादीला नर भेटलाच, असेही नाही. शरीराने वयात येणे आणि प्रत्यक्ष आई होणे यांत अंतर असते. म्हणून जाणकार संशोधक अधूनमधून काही शेवंडी विकत घेऊन कापून पाहतातच. लहान मादीचा अंडाशय पांढुरका, दोऱ्यासारखा बारीक असतो. पुढे तो पिवळसर होतो आणि पूर्ण पिकल्यावर गर्द केशरी होऊन जवळजवळ सारी पाठ व्यापतो. बाहेरची खूण आणि आतला रंग यांचा मेळ बसतो की नाही, हे असे पडताळून घेतल्यावाचून धक्क्यावरच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही.

आता सर्वांत विलक्षण खूण. काटेरी शेवंडीचा नर मादीच्या छातीवर, पायांच्या मधल्या भागात, शुक्राणूंचा एक लेप लावतो. ताजा असताना तो लुकणासारखा पांढरट व चिकट असतो आणि पुढे घट्ट होतो. काही जातींत तो काळा पडतो, म्हणून इंग्रजी बोलणारे कोळी त्याला डांबराचा डाग म्हणतात. लेप लागला म्हणजे लगेच अंडी पडतात असे नाही. मादी तो अंगावर वागवीत राहते. अंडी घालण्याची वेळ आली की ती पाचव्या पायाच्या त्या चिमट्याने लेप खरवडते, शुक्राणू मोकळे होतात आणि बाहेर पडणाऱ्या अंड्यांशी त्यांचा तेथेच, शरीराबाहेर, संयोग होतो. त्यामुळे लेपाकडे पाहून दोन निरनिराळ्या गोष्टी कळतात. लेप अखंड व गुळगुळीत असेल तर विवाह झाला, पण अंडी यायची आहेत. लेप खरवडलेला, फाटलेला असेल तर अंडी पडून गेली. मग ती शेपटीखाली दिसोत वा न दिसोत. आणि उबत आलेली अंडी शेपटीखाली असतानाच छातीवर नवा, अखंड लेप दिसला, तर ही मादी एकामागून एक दुसरी वीणही घालणार, असा निष्कर्ष निघतो. उष्ण समुद्रातल्या काटेरी शेवंडी वर्षातून एकाहून अधिक वेळा वितात, हे कळण्यास अशा नोंदींचा मोठा आधार झाला.

लेपाचे हे लिखाण कायमचे नसते. शेवंड वाढते ती कात टाकून, आणि कातीबरोबर छातीवरचा लेपही जातो. तेव्हा लेप नसलेली मादी ही कुमारिकाच, असे मानणे धोक्याचे.

अंड्यांचा रंग हा तर घड्याळाचा काटाच. नुकतीच घातलेली अंडी उजळ केशरी असतात, कारण आत सगळा बलकच असतो. पिलू वाढू लागले की बलक खर्ची पडतो, रंग तपकिरीकडे झुकतो आणि भिंगातून पाहिले तर प्रत्येक अंड्यात पिलाच्या डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागतात. उबण्याच्या बेतात आलेली अंडी गडद तपकिरी किंवा करडी दिसतात. आपल्या उष्ण पाण्यात हा सारा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांत आटोपतो; उत्तर अटलांटिकच्या नांगीवाल्या शेवंडीला त्यासाठी नऊ महिन्यांपासून वर्षभर लागते. पिले निघून गेल्यावरही अंड्यांच्या रिकाम्या टरफलांचे तुकडे रोमांना काही काळ लोंबत राहतात. त्यावरून नुकतीच मोकळी झालेली मादी ओळखता येते.

पिले म्हणजे काय, तर काचेच्या पानासारखे चपटे, पारदर्शक, लांब पायांचे जीव. काटेरी शेवंडीचे हे डिंभ प्रवाहाबरोबर कित्येक महिने उघड्या समुद्रात वाहत राहतात आणि लाखांतून मोजके किनाऱ्याजवळ परततात. एका मोठ्या मादीला काही लाख अंडी असतात, हा आकडा ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये, ते यासाठी. चपट्या शेवंडीचे गणित वेगळे. तिची अंडी आकाराने मोठी, पण संख्येने काही दहा हजारांतच; तिचे डिंभ मात्र महिनाभरात लहान शेवंडीचे रूप घेतात. तिच्या छातीवर टिकाऊ लेपही नसतो. असतो तो मऊ, थोड्या तासांत नाहीसा होणारा. म्हणजे तिच्या बाबतीत वाचायला उरतात ते रोम आणि अंडी, इतकेच.

हे वाचन मुंबईत झाले नाही असे कोणी समजू नये. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, जी १९४७ साली स्थापन झाली, तिच्या मुंबई केंद्रातील कागवाडे यांनी १९८०च्या दशकात चिखलतळीच्या काटेरी शेवंडीच्या प्रजननाचा अभ्यास केला आणि चपट्या शेवंडीचाही प्रजननविषयक अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. महिन्यामागून महिने धक्क्यावर उभे राहून माद्या उलट्या करून पाहणे, ही काही आरामखुर्चीतील विद्वत्ता नव्हे. त्यातही अडचणी होत्याच. पावसाळ्यात नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात, त्या महिन्यांच्या रकान्यांत फारसे काही भरता येत नाही. आणि समुद्र त्या काळात काही झोपलेला नसतो. शिवाय जाळ्यात जे येते तेवढेच दिसते. सापळा लावून शेवंडी धरतात अशा देशांत अंडी वागवणारी मादी बिळातच राहून सापळ्याकडे कमी फिरकते, आणि तिची संख्या प्रत्यक्षाहून कमी भरते. तळ खरवडीत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्याला मात्र बीळ आणि वाळू, कुमारी आणि गर्भिणी, सगळे सारखेच.

मुंबईकडे चपटी शेवंड मोठ्या प्रमाणावर येऊ लागली ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस, यांत्रिक ट्रॉलर वाढले तेव्हा. ते तिच्यासाठी म्हणून निघत नसत. कोळंबीसाठी ओढलेल्या जाळ्यात ती वरकड माल म्हणून येई. १९८०च्या दशकात तिचे वार्षिक उत्पन्न शेकडो टनांवर गेले, परदेशी बाजार मिळाला, शेपट्या गोठवून जाऊ लागल्या. आणि १९९४ साली ते अवघ्या दोन-सव्वादोन टनांवर आले. संस्थेच्याच विनय देशमुख यांनी या ऱ्हासाचा लेखाजोखा २००१ मध्ये प्रसिद्ध केला. दोष एका वर्षाच्या पावसाला किंवा रोगाला देण्यासारखा नव्हता. अंडी वागवणाऱ्या माद्याच इतक्या पकडल्या गेल्या की पुढच्या पिढीचा भरणा होईना. थोडी अंडी घालणारी, तळाला बसणारी, फार दूर न जाणारी जात. तिला सावरायला उसंतच मिळाली नाही. मुंबईच्या बंदरांवर तिचा पूर्वीचा काळ पुन्हा आला नाही.

या सगळ्यात खटकते ते असे की धक्क्यावरच्या नोंदवहीत अंडीवाल्या माद्यांचे आकडे वर्षानुवर्षे लिहिले जात होते, आणि त्याच धक्क्यावर त्याच माद्या तराजूत पडत होत्या. वाचणारा एक होता, विकणारा दुसरा होता आणि नियम करणारा तिसराच. तिघांची गाठ वेळेवर पडली नाही. खलाशाला दोष देऊन भागत नाही. जाळे वर येईपर्यंत बहुतेक जीव मेलेले किंवा मरणोन्मुख असतात, मग परत टाकून साधायचे काय, हा त्याचा प्रश्न अगदीच अप्रस्तुत नाही. शेवंड मात्र चिवट. अंगात ओल असेतो ती पाण्याबाहेर तासन्‌तास तग धरते, आणि म्हणून तिच्याबाबत परत टाकण्याला खरोखर अर्थ आहे.

इतर देशांनी या वाचनाचे नियमांत रूपांतर कसे केले, ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात अंडीवाली मादी सापडली की कोळी तिच्या शेपटीच्या पंख्यावर त्रिकोणी खाच पाडून तिला सोडून देतो. पुढे अंडी नसतानाही ती कोणाच्या सापळ्यात आली, तरी खाच पाहून तिला सोडावेच लागते. ही खाच दोन-तीन काती टाकेपर्यंत ओळखू येते. लेप कातीबरोबर जातो आणि अंडी ऋतूबरोबर. तेव्हा तिच्या मातृत्वाची अधिक टिकाऊ नोंद माणसाने आपल्या हाताने तिच्या अंगावर करावी, ही कल्पना मला फार चतुर वाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर १९९०च्या दशकात याहून पुढे जाऊन, अंडी नसली तरी ज्या मादीच्या परांवर लांब रोम आले आहेत तिलाही परत टाकण्याचा नियम झाला. म्हणजे प्रयोगशाळेतली खूण थेट नावेच्या फळीवर आली.

आपल्याकडे २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवून दिली. चिखलतळीच्या काटेरी शेवंडीसाठी ३०० ग्रॅम, चपटीसाठी १५० ग्रॅम. वजनाचा नियम अमलात आणण्यास सोपा, कारण तराजू सर्वांपाशी असतो. पण तो परदेशी जाणाऱ्या मालापुरता. गावच्या बाजारात कमी वजनाची शेवंड खपतच होती. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ सागरी जातींसाठी पकडण्याची किमान मापे जाहीर केली. माझ्या मते माप आणि वजन दोन्ही आवश्यक असली, तरी अंडीवाल्या मादीची गोष्ट निराळी आहे. ती मापात बसली म्हणजे टोपलीत टाकण्यास मोकळी झाली, असा अर्थ निघता कामा नये. मोठी मादी तर लहानीपेक्षा कितीतरी अधिक अंडी वागवते. शिवाय अंडी खरवडून काढून मादी विकण्याची युक्ती जगभर चालते, आणि ती पकडायची तर तपासनिसाला पुन्हा रोमच पाहावे लागतात.

संशोधन संस्थेने कोळी बांधवांत मिसळून, त्यांच्या भाषेत समजावून, अंडीवाल्या शेवंडी स्वेच्छेने परत सोडण्याचे प्रयत्न या शतकाच्या आरंभापासून केले आहेत. चेन्नईजवळच्या कोवलम येथील तिच्या केंद्रात चपट्या शेवंडीची पिले अंड्यापासून लहान शेवंडीपर्यंत टाक्यांत वाढवण्यातही यश आले. दरम्यान तिचे शास्त्रीय नावदेखील बदलले. २००७ साली दोन अभ्यासकांनी दाखवून दिले की ज्या सर्वांना एकच जात समजत आलो त्या प्रत्यक्षात पाच आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावरची त्यांतली निराळी. म्हणजे मुंबईच्या समुद्रातून जी ओसरली, तिचे खरे नाव कळायला तिच्या ऱ्हासानंतर तेरा वर्षे जावी लागली.

आमच्या शाळेतील मुलांना यंदा मी खेकड्याची झापड दाखवली आणि फळ्यावर शेवंडीचे चित्र काढून तिचे पर, रोम व लेप समजावून दिले. एका मुलीने विचारले की नदीतल्या खेकडीलाही असा लेप असतो का. नसतो, खेकड्याचा नर शुक्राणू मादीच्या शरीरातच सोपवतो आणि ते तेथे जपून ठेवलेले राहतात. हे उत्तर ऐकून ती म्हणाली, "मग गुरुजी, बाहेरून कळणार कसे?" तिला मी झापडीखालची अंडी आणि त्यांचा रंग पाहावयास सांगितले आहे, पावसाळ्यात दर आठवड्याला किती माद्या दिसल्या व त्यांपैकी किती अंडीवाल्या होत्या, याची वही तिने घातली आहे.